सुया टोचून बघायच्या असतील तर

श्रोतेहो, नमस्कार.

आज जुन्या दुखण्याबद्दल बोलायचं आहे. काल बादली उचलताना कंबरेत उसण भरली, ते दुखणं वेगळं. थोडा शेक घ्यावा, दोन दिवस जपावं, ते आपोआप जातं. मी म्हणतेय ते तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं, मुक्काम ठोकून बसलेलं. सकाळी उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हात टेकून बसायचं, मग कळ सोसत उभं राहायचं. असं दुखणं ज्या घरात आहे तिथे कपाटावर एक मोठी पिशवी हमखास सापडते. तिच्यात एक्स-रे, एमआरआय, कंबरेचा पट्टा, अर्धी पिळलेली मलमं. आणि मग एखाद्या लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच, "अहो, अ‍ॅक्युपंक्चर करून बघितलंत का? आमच्या वन्संना काय फरक पडला!"

करून बघावं का? माझं उत्तर आहे, बघावं. पण मुदत घालून. आणि 'फरक पडला' म्हणजे नेमकं काय झालं पाहिजे, हे पहिली सुई लागण्याआधी ठरवून.

मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवत असे. फळ्यासमोर उभं राहून राहून कंबर धरली, ती धरलीच. त्यामुळे हा विषय मला टेबलावर पालथं पडूनही माहीत आहे आणि नंतर त्यावरचे अभ्यास वाचूनही.

आधी भीतीचं बोलू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. या सुया इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ नसतात. भरीव असतात आणि फार बारीक, साधारण पाव मिलिमीटर जाडीच्या. टोचताना मुंगी चावल्याइतकं कळतं, कधी तेही नाही. खरी गंमत पुढे असते. सुई आत गेल्यावर डॉक्टर ती हलकेच फिरवतात आणि विचारतात, "ताई, जड वाटतंय का?" त्या जागी एक बोथट ठणका उठतो, मुंग्या आल्यासारखं होतं, कधी रग लागल्यासारखं. चिनी परंपरेत ही जाणीव आली म्हणजे सुई लागू पडली असं मानतात. मग वीस ते तीस मिनिटं तसंच पडून राहायचं. कंबरेसाठी सुया फक्त कंबरेत टोचतात असंही नाही. गुडघ्याच्या मागे, लवणीत एक बिंदू आहे, तो कंबरदुखीसाठी फार जुन्या काळापासून वापरतात. काही ठिकाणी सुयांना बारीक विद्युतप्रवाह जोडतात. काही ठिकाणी वाळलेल्या पाल्याची वात पेटवून तिची धग देतात. ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली आहे. चैत्रात जोतिबाला वाहतो ना, तो दवणा.

हे शास्त्र चीनमधलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत सापडणारं. शरीरात 'ची' नावाची ऊर्जा ठरावीक वाहिन्यांतून वाहते आणि तिचा मार्ग अडला की दुखतं, अशी त्यामागची कल्पना. शास्त्रीय यादीत तीनशे एकसष्ट बिंदू आहेत. आणि तरी खुद्द चीनमध्येही त्याला नेहमीच मान होता असं नाही. १८२२ साली चिनी सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर हद्दपार केलं होतं. विसाव्या शतकात ते पुन्हा वर आलं.

आपल्याकडे ते आलं, त्याच्या वाटेत सोलापूर आणि नागपूर लागतात. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टर गेले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक आहेत. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते, पण त्यांचं नाव आपण फारसं घेत नाही. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिकडेच वारले. त्यांच्या नावाने आज आपल्या देशात अ‍ॅक्युपंक्चरचं रुग्णालयसुद्धा आहे, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की ही विद्या त्यांनीच आणली. कोटणीस होते शस्त्रक्रिया करणारे सर्जन. सुया आणल्या त्यांच्या पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे शिकले आणि कोलकात्यात त्यांनी काम सुरू केलं.

आता मुद्द्याचं. याने दुखणं थांबतं का?

एका अभ्यासापाशी मी थोडी जास्त रेंगाळणार आहे, कारण तो समजला की पुढचं सोपं आहे. जर्मनीत झालेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला. जुनी कंबरदुखी असलेली १,१६२ माणसं. सरासरी आठ वर्षं दुखणं काढलेली, म्हणजे आपल्याच पंगतीतली. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. पहिल्या गटाला पद्धतशीर अ‍ॅक्युपंक्चर, ग्रंथात सांगितलेल्या बिंदूंवर. दुसऱ्या गटालाही सुया, पण बिंदू नसलेल्या जागी, अगदी वरवर टोचलेल्या आणि न फिरवलेल्या. थोडक्यात, खोटं अ‍ॅक्युपंक्चर. कोणाला खरं आणि कोणाला खोटं, हे रुग्णांना सांगितलं नाही. तिसऱ्या गटाला नेहमीचे उपचार, गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम.

सहा महिन्यांनी मोजलं. नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना ठरवलेल्या मापाइतका आराम पडला होता. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के. आणि खोट्याने? ४४.२ टक्के.

या तीन आकड्यांवर दोन माणसं बसवा, ती संध्याकाळपर्यंत भांडतील. एक म्हणेल, बघा, नेहमीच्या उपचारांपेक्षा जवळजवळ दुपटीने लोक बरे! दुसरा म्हणेल, कुठेही टोचलं तरी तेवढंच, मग त्या तीनशे एकसष्ट बिंदूंचं काय घेऊन बसलात? मला दोघंही बरोबर वाटतात. माझ्यातली विज्ञानाची बाई दुसऱ्याच्या बाजूने उभी राहते, माझी कंबर पहिल्याच्या. एक तिसरी गोष्ट मात्र दोघंही विसरतात. तिसऱ्या गटातल्या माणसांनी आठ आठ वर्षं गोळ्या आणि व्यायाम करून झालेले होते. नव्या उपचाराच्या आशेने आली आणि हातात पुन्हा तेच पडलं. त्यांचा हिरमोडही त्या सत्तावीस टक्क्यांत मिसळलेला असणार.

सरकारांचाही असाच गोंधळ झाला. जर्मनीने २००७ पासून जुनी कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज या दोन दुखण्यांसाठी अ‍ॅक्युपंक्चरचा खर्च आरोग्यविम्यात धरला. ब्रिटनमध्ये उपचारांची शिफारस ठरवणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर सुचवलं, २०१६ मध्ये ती शिफारस काढून घेतली आणि २०२१ मध्ये, ज्या जुनाट वेदनांचं वेगळं कारण सापडत नाही त्यांच्यासाठी, विचार करायला हरकत नाही असं म्हटलं. तेही खर्च आणि वेळ यांना मर्यादा घालून.

खोट्या अ‍ॅक्युपंक्चरसाठी जर्मनीतच एक अफलातून सुई बनवली गेली, तिच्याबद्दल सांगायचा मोह आवरत नाही. नाटकातल्या खोट्या सुरीसारखी ती दाबली की मुठीत शिरते. कातडीला टोक लागतं, पण आत जात नाही, आणि रुग्णाला वाटतं सुई बसली. अशा निरनिराळ्या युक्त्या वापरून, किंवा काहीच न टोचलेल्या गटाशी तुलना करून केलेल्या एकूण ३९ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१८ साली मांडला गेला. २०,८२७ रुग्ण. कंबर, मान, खांदा, गुडघा, डोकेदुखी अशी जुनी दुखणी. निष्कर्ष असा की खरं अ‍ॅक्युपंक्चर खोट्यापेक्षा सरस आहे, पण थोडंसंच. काहीच न टोचण्यापेक्षा मात्र बरंच सरस. आणि मिळालेला आराम वर्षभरात साधारण पंधरा टक्क्यांनीच कमी होतो. निव्वळ मनाचा खेळ असता तर इतका टिकला असता का? मला शंका आहे.

शरीरात काय घडतं याचाही काही माग लागला आहे. सत्तरच्या दशकात असं दिसलं की अफूचा परिणाम उतरवणारं औषध आधी दिलं तर सुयांनी मिळणारा आराम कमी होतो. म्हणजे सुई टोचल्यावर शरीर स्वतःचीच अफूसारखी रसायनं सोडत असावं. पुढे २०१० साली उंदरांवरच्या प्रयोगांत, सुई फिरवल्यावर त्या जागी वेदना दबवणारं अ‍ॅडेनोसिन वाढलेलं सापडलं. 'ची' आणि तिच्या वाहिन्या मात्र कुणाला शवविच्छेदनात सापडलेल्या नाहीत. आपण त्या मानाव्यात असा आग्रहही नको.

जुन्या दुखण्याचं आणखी एक आहे. एमआरआयवर जे दिसतं आणि जे दुखतं, त्यांचं नेहमी जुळतंच असं नाही. कंबर मुळीच दुखत नसलेल्या लोकांचे फोटो तपासले, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसतात, ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. म्हणून रिपोर्टमध्ये 'झीज' वाचून कुणी खचून जाऊ नये. दुखणं महिनोन्‌महिने राहिलं की मज्जासंस्था जरा जास्तच जागरूक होते, साध्या हालचालीलाही ओरडते. ती शांत करायला झोप, चालणं, व्यायाम, भीती कमी होणं, हे सगळं उपयोगी पडतं. सुयांना जागा द्यायचीच तर याच रांगेत. अर्धा तास शांत पडून राहणं, कुणीतरी आपली कर्मकहाणी पूर्ण ऐकून घेणं, यालाही मी उपचारच समजते. आपल्या ओपीडीत ते दोन मिनिटांतही मिळत नाही.

माझं काय झालं, हे विचारणारच तुम्ही. रात्री कूस बदलताना जाग येत असे, ती कमी झाली. वाकायला त्रास होतो तो होतोच. पेनकिलर रोजची सुटली, आणि मला तेवढं पुरेसं वाटलं, कारण वर्षानुवर्षं त्या गोळ्या घेतल्या की पोट आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात. माझ्या शेजारच्या खोलीत पालथ्या पडलेल्या आजोबांना काडीचाही फरक पडला नाही.

आता जायचं ठरवलंत तर. पहिलं, सुयांकडे जाण्याआधी निदान झालेलं असू द्या. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पाय लुळा पडत असेल, जांघेत बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा जात असेल, पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल, तर सुया-बिया सगळं बाजूला. तडक रुग्णालय गाठा.

दुसरं, कोणाकडे जाता ते बघा. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये यासाठी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा आहे, त्याखाली परिषद आहे, आणि नोंदणी लागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हा नोंदणी आहे का हे विचारायला संकोच कसला? सुया तुमच्या डोळ्यांसमोर नव्या पाकिटातून निघाल्या पाहिजेत आणि वापरून झाल्यावर टाकल्या गेल्या पाहिजेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, दिवस गेलेले असतील, मधुमेहाने पायांची जाणीव कमी झाली असेल, तर ते आधी सांगा. पाय बधिर असतील तर धग देऊ देऊ नका, भाजलेलं कळणार नाही. एरवी हा उपचार बराच सुरक्षित आहे. जर्मनीत सव्वादोन लाखांवर रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा शंभरात आठ-नऊ जणांना काही ना काही त्रास झाला. बहुतेकांना थोडं रक्त आलं, काळंनिळं झालं किंवा दुखलं. दोन जणांच्या फुप्फुसाला मात्र सुई लागली होती. छाती-पाठीवर टोचणारा हात शिकलेलाच हवा, तो यासाठी.

कुणी "बीपीची गोळी बंद करा, शुगरची बंद करा, सुयांनी सगळं जातं" म्हणालं, तर चपला घाला आणि घरी या.

तिसरं, मुदत. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विम्याने २०२० पासून जुन्या कंबरदुखीसाठी एक नियम केला आहे, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. नव्वद दिवसांत जास्तीत जास्त बारा सिटिंग. सुधारणा दिसली तरच आणखी आठ. नाही दिसली तर थांबायचं. आपल्याकडे पैसे खिशातून जातात, म्हणून हा नियम आपण स्वतःच पाळायचा. वीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरून ठेवू नका, सवलत कितीही असो.

आणि वही. पहिल्या सिटिंगच्या आधी तीन कामं लिहून ठेवा, आज न जमणारी किंवा जेमतेम जमणारी. दळण घेऊन गिरणीपर्यंत जाऊन येणं, खाली बसून भाजी निवडणं, एसटीत दोन तास बसणं, ज्याचं त्याने ठरवावं. दुखणं शून्य ते दहा यात किती, तेही लिहा, पण भर कामांवर ठेवा. नोंद सिटिंगच्या दिवशी संध्याकाळी करू नका. त्या दिवशी सगळ्यांनाच हलकं वाटतं. दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग लिहा. पाच-सहा सिटिंग झाल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वही वाचायला द्या, शक्यतो सुनेला किंवा जावयाला. ते आपल्याला बरं वाटावं म्हणून काही बोलत नाहीत.

नमस्कार.