रंगाचा पहिला हात मारण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. आजचं बोलणं मुख्यतः अशा रंगाऱ्यांसाठी आहे, ज्यांनी दुसऱ्याच्या हाताखाली काही वर्षं काढली आणि आता स्वतःच्या नावावर कामं घ्यायला निघालेत. ज्यांना घर रंगवून घ्यायचंय त्यांनीही जरूर ऐकावं. समोरचा कंत्राटदार कितपत जाणता आहे, हे ओळखायला त्याचा उपयोग होईल.

हाताला चांगलं काम असलेला कारागीर कंत्राट घेतो आणि बुडतो, तो बहुतेक वेळा दर सांगतानाच. गिऱ्हाईक विचारतं, "या खोलीचे किती घ्याल?" आणि हा दारात उभ्या उभ्या आकडा सांगून मोकळा होतो. नाहीतर जमिनीच्या क्षेत्रफळावरून हिशेब करतो. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच अशी खोली घ्या. जमीन १२ चौरस मीटर. पण घेर १४ मीटर, म्हणजे भिंती झाल्या ४२ चौरस मीटर. छताचे १२ धरले की ५४. दारंखिडक्यांचे चारेक वजा केले तरी रंगवायचे राहिले ५०. आता सहा बाय दोनची खोली घ्या. जमीन तेवढीच, १२. पण घेर १६ मीटर, म्हणून भिंती ४८. जमीन सारखी असूनही भिंती सहा चौरस मीटरनं वाढल्या. म्हणून आधी टेप काढायची, प्रत्येक भिंतीचं माप वहीत लिहायचं, आणि दर दुसऱ्या दिवशी सांगायचा. एक दिवस थांबायला सांगितलं म्हणून काम जात नाही. उलट मोजून सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो.

गुळगुळीत, अस्तर म्हणजे प्राइमर मारलेल्या भिंतीवर एक लिटर रंग एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरतो. म्हणजे त्या पहिल्या खोलीच्या दोन हातांना नऊ-दहा लिटर. हा हिशेब सोपा आहे. खरा खर्च होतो तो माणसांच्या दिवसांवर, आणि ते दिवस रंग लावण्यात कमी आणि भिंत तयार करण्यात जास्त जातात. पोपडे खरवडायचे, भेगा उकरून भरायच्या, लांबी म्हणजे पुट्टी भरायची, ती वाळू द्यायची, घासायची, धूळ पुसायची, मग अस्तर. यातलं काहीच शेवटी दिसत नाही. स्वस्तात काम घेणारा काटछाट करतो ती इथंच, कारण पहिले काही महिने दोन्ही भिंती सारख्याच दिसतात.

मला कळकळीनं सांगायचंय ते हेच, की तुमचा दर जास्त का आहे हे गिऱ्हाइकाला भिंतीवरच दाखवा. जुन्या भिंतीवर त्यांनाच तळहात फिरवायला सांगा. हाताला पांढरी भुकटी लागली, तर वर कितीही महागडा रंग लावला तरी तो त्या भुकटीलाच चिकटणार आणि तिच्याबरोबर निघणार. संध्याकाळी दिवा भिंतीला अगदी लगटून धरा. सगळे उंचवटे आणि खड्डे सावल्या टाकतात. चमकदार रंग ते लपवत नाही, उलट जास्त उठून दाखवतो. एवढं पाहिलेला माणूस लांबीच्या आणि घासकामाच्या पैशांवरून फारशी घासाघीस करत नाही.

भिंतीला ओल असेल तर सरळ सांगा, पाणी कुठून येतंय ते आधी शोधू, रंग नंतर. नवा गिलावाही निदान चार आठवडे वाळू द्यावा लागतो. घाई केली की क्षार फुटतात आणि रंग पोपडे धरतो. सणासुदीच्या आधी लोक गळ घालतात, तेव्हा नाही म्हणणं जड जातं. पण सहा महिन्यांनी सोललेल्या भिंतीखाली नाव तुमचंच सांगितलं जातं.

दरपत्रक तोंडी नको. अस्तराचे हात किती, रंगाचे किती, रंग कुठल्या प्रकारचा, सामान कोण हलवणार, गिलाव्याची दुरुस्ती धरली आहे की वेगळी, वाढीव कामाचा दर काय, सगळं कागदावर हवं. पैसेही टप्प्याटप्प्यानं ठरवा: माल आणण्यापुरते आगाऊ, लांबी-अस्तर झाल्यावर काही, उरलेले शेवटी. एका कामाची आगाऊ रक्कम दुसऱ्या कामाच्या मजुरीला वापरली की चालता धंदाही अडकतो.

नफ्याच्या हिशेबात एक चूक सर्रास होते. खर्च १०० आला, त्यावर २५ चढवले, आणि वाटतं नफा पंचवीस टक्के. पण हातात आले १२५, त्यातले २५ म्हणजे वीस टक्केच. पंचवीस टक्के उरायला हवे असतील तर खर्चाच्या शंभरावर ३३ चढवावे लागतात. आणि खर्चात शिड्या, ब्रश, वाहतूक, मोजमापाला गेलेला वेळ, सगळं धरायचं. तुमची स्वतःची मजुरीसुद्धा.

माणसं टिकवायची तर हजेरीचे पैसे ठरल्या दिवशी द्या, गिऱ्हाइकाचे आले नसले तरी. त्यांच्या जिवाचीही काळजी घ्या. शिडी चार मीटर उंचीला टेकवली तर तिचा पाय भिंतीपासून एक मीटर लांब हवा. फार जुन्या रंगांच्या थरात शिसं असू शकतं. ते कोरडं घासू नका, ओलं करून घासा, तोंडाला चांगला मास्क असू द्या आणि घरातली लहान मुलं त्या खोलीपासून लांब ठेवा. शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

काम संपल्यावर शेवटचा हप्ता मागण्याआधी दिवसाउजेडी गिऱ्हाइकाबरोबर खोलीखोलीतून फिरा. जिथं ते बोट दाखवतील तिथं पेन्सिलीनं बारीक खूण करा आणि त्याच दिवशी सुधारा. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, वर छटेचा क्रमांक, खोली आणि तारीख लिहून त्यांच्याकडे द्या. पुढं कपाट घासून ओरखडा उठला, तर त्या डब्यावर तुमचा फोन नंबरही लिहिलेला असावा.