हॉर्सपॉवर सोडा, पिस्टनवरचा दाब बघा

हे इंजिन मधोमध कापलंय, म्हणून पिस्टन आणि वरची ती चिंचोळी जागा दिसतेय. स्पार्क पडला की दाब तिथेच चढतो. साध्या पेट्रोल इंजिनात फुल थ्रॉटलला 50-60 बारच्या घरात जातो (1 बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब), आणि पिस्टन खाली निघाला की भराभर उतरतो. सिलिंडरमधल्या सेन्सरने स्क्रीनवर काढलेली दाबाची रेघ बघा, सुळका केवढा उंच आणि टिकतो किती कमी.

मग यातून एकच आकडा कसा काढायचा? तीच रेघ दाब विरुद्ध आकारमान अशी काढायची, की बंद लूप बनतो. लूपचं क्षेत्रफळ म्हणजे एका सायकलमध्ये गॅसने पिस्टनवर केलेलं काम (खालचा छोटा लूप वजा, हवा आत-बाहेर करायला लागलेला खर्च तो). त्याला स्वेप्ट व्हॉल्यूमने (पिस्टन वरून खाली जाताना मोकळी करतो तेवढी जागा) भागा, झाला आयएमईपी (इंडिकेटेड मीन इफेक्टिव्ह प्रेशर, म्हणजे सिलिंडरमधला सरासरी परिणामकारक दाब). म्हणजे पूर्ण पॉवर स्ट्रोकभर एवढाच दाब कायम राहिला असता तरी काम तेवढंच झालं असतं. खऱ्या सिलिंडरमध्ये असा दाब कधीच नसतो, हा हिशोबापुरता. जेम्स वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने 1796 मध्ये वाफेच्या इंजिनाला पेन्सिल लावून असाच आलेख काढला होता, आणि ती युक्ती त्यांनी पुढे बरीच वर्षं दडवून ठेवली.

आता डायनोवर (इंजिनाचा टॉर्क मोजायचं यंत्र) या. इथे सेन्सर नको, टॉर्क (इंजिनाचा पिळण्याचा जोर) पुरतो. फोर स्ट्रोक इंजिनात टॉर्क गुणिले 12.57 (म्हणजे 4 गुणिले π), भागिले इंजिनाचे लिटर, उत्तर किलोपास्कलमध्ये, शंभराने भागलं की बार. 1.2 लिटरचं इंजिन 110 न्यूटन मीटर देत असेल तर बीएमईपी (ब्रेक मीन इफेक्टिव्ह प्रेशर, तसाच सरासरी दाब, पण बाहेर मिळालेल्या टॉर्कवरून काढलेला) साडेअकरा बार. आयएमईपीपेक्षा हा कमीच येणार, मधला फरक घर्षणाने खाल्ला.

आणि बघा, या हिशोबात आरपीएम (मिनिटाला किती फेऱ्या) कुठेच नाही! हॉर्सपॉवर नुसतं इंजिन जास्त फिरवूनही वाढते, म्हणून ब्रोशरवर तीच मोठ्या अक्षरात. बीएमईपीला ही चलाखी चालत नाही, लहान-मोठी इंजिनं एका रांगेत उभी करतो तो.

शेजारचं 1 लिटर टर्बो, 170 न्यूटन मीटर, म्हणजे 21 बारच्या वर. एवढ्या दाबाला नॉकिंगचा (इंधन आपोआप, अवेळी पेटण्याचा) धोका वाढतो, पिस्टन-बेअरिंग दणकट लागतात, ते वेगळं.

टू स्ट्रोक असेल तर 12.57 ऐवजी 6.28 घ्या, तिथे क्रँकच्या प्रत्येक फेरीला पॉवर स्ट्रोक असतो.