काळी बिअर आणि घरची बाटली

मंडळी, स्टाउटचे, म्हणजे काळ्या बिअरचे ग्लास सगळ्यांपर्यंत पोचले ना? एकच घोट घ्या आणि बाकीचा ग्लास तसाच टेबलावर राहू द्या. का, ते शेवटी सांगतो.

आता ग्लास उजेडाकडे धरा. मध्ये ठार काळी दिसते, पण कडेला बघा, माणकासारखी लाल झाक आहे. स्टाउट म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, "ही चढते का हो?" काळी म्हणजे कडक, हा समज काही केल्या जात नाही. डब्लिनच्या ड्राफ्ट गिनीस या नावाजलेल्या स्टाउटमध्ये अल्कोहोल 4.2 टक्के असतं. आपल्याकडची पिवळीधमक 'स्ट्राँग' 8 टक्क्यांपर्यंत जाते. रंगाचा आणि चढण्याचा काही संबंध नाही. रंग येतो तो भाजण्यातून.

ज्यांच्या घरी बाळासाठी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून सत्त्व केलंय, त्यांना माल्ट काय ते मी वेगळं सांगायला नको. तीच रीत, फक्त धान्य बार्लीचं. मोड येताना दाण्यात विकरं, म्हणजे एन्झाइम तयार होतात. ती पिठाची साखर करतात आणि साखर खाऊन यीस्ट अल्कोहोल करतं. पण दाणा काळा होईतो भाजला की ही विकरं मरतात. म्हणून या ग्लासातलंही बहुतेक धान्य फिकंच आहे. काळं जेमतेम दहावा हिस्सा असेल, पण सगळा दिमाख त्याचाच.

ही युक्ती हाती लागायला लंडनकरांना बराच वेळ लागला. अठराव्या शतकातली त्यांची पोर्टर, म्हणजे स्टाउटची पूर्वज असलेली गडद बिअर, तपकिरी माल्टची. पुढे द्रवातली साखर मोजायचा हायड्रोमीटर आला आणि कळलं, की तपकिरी माल्टमधून साखर कमी निघते, फिका माल्टच परवडतो. मग फिका घेतला, तर रंग गेला! रंगासाठी कुणी करपवलेली साखर घालू लागलं, कुणी आणखी काही, आणि कायदा मागे लागला. शेवटी 1817 साली डॅनिएल व्हीलरने माल्ट फिरत्या पिंपात काळा भाजायचं पेटंट घेतलं. कॉफी भाजतात तसंच. म्हणून तुम्हाला आत्ता कॉफीचा वास आला, आत कॉफी एक कण नाही. काळ्या मसाल्याचं खोबरं भाजणाऱ्या बाईला विचारा, खमंग आणि करपट यात किती क्षणांचं अंतर असतं. स्टाउट करणाऱ्याची परीक्षा तीच.

आता या भिंतीवरच्या नळांकडे येऊ. आजपासून इथं तुमची बाटली आणायची आणि भरून न्यायची. यात नवल ते काय? आपण किटली घेऊन दूध आणलंय, बुधलीतून तेल आणलंय. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकात लोक पत्र्याच्या डब्यातून गुत्त्यावरची बिअर घरी न्यायचे. त्या डब्याला म्हणत ग्राउलर. हल्लीची काचेची, 64 औंसांची म्हणजे 1.89 लिटरची बाटली 1989 साली वायोमिंगमधल्या ऑटो ब्रदर्स या छोट्या ब्रुअरीने आणली. आपल्याकडे अनेकांनी ग्राउलर पहिल्यांदा पाहिला तो 2020च्या टाळेबंदीत, मायक्रोब्रुअऱ्यांना, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणाऱ्या छोट्या ठिकाणांना, पार्सलची मुभा मिळाली तेव्हा.

नळाला इंग्रजीत टॅप म्हणतात, त्यावरून आठवलं. वेड लागलेल्याला इंग्रज सोल्जर 'डूलाली टॅप' म्हणत. डूलाली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली आणि टॅप म्हणजे चक्क ताप. तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत ते कंटाळून जायचे. पुण्यात 2009 साली मायक्रोब्रुअरी निघाली, तिचं नाव डूलाली. असो.

बिअरचा खरा वैरी म्हणजे हवा. मी एकदा एका ठिकाणाहून सोड्याच्या प्लॅस्टिक बाटलीत पोर्टर भरून आणली होती. भरणाऱ्याने वरून धार सोडली, निम्मा फेस. दुसऱ्या दिवशी तिला ओल्या पुठ्ठ्याची चव! म्हणून इथं आधी बाटलीत कार्बन डायऑक्साइड सोडतात, मग नळी तळापर्यंत घालून खालून वर भरतात. गळ्याशी थोडी जागा सोडतात, काठोकाठ भरा म्हणून भांडू नका. गरम झाली तर बाटली फुटू शकते.

बाटली तपकिरी काचेचीच आणा. पारदर्शक काचेतून ऊन लागलं, की बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमधल्या कडू घटकांपासून गंधकाचा घाणेरडा वास तयार होतो. घरी गेल्यावर उभी फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा आणि उघडली तर त्याच दिवशी. रिकामी झाली की लगेच गरम पाण्याने विसळून उपडी ठेवा. तेलकट भांड्यांच्या घासणीने मात्र घासू नका, बिअरचा फेस टिकत नाही. आणि नायट्रोजनवरची ती मऊ सायीची स्टाउट बाटलीत मागू नका. तिची गंमत नळाच्या तोटीतच असते, घरी पोचेपर्यंत सपाट होते.

झाली की पंधरा-वीस मिनिटं. आता तो ग्लास परत उचला. मघाशी थंडगार होता, कडूपणाच पुढे होता ना? आता वास घ्या. मागून काकवी येतेय का, बघा बरं.