चष्मा किती दिवस टिकायला पाहिजे? (2016 च्या चष्म्याची वॉरंटी मागायला आलेले काका)

हा चष्मा बघा. (चष्मा कॅमेऱ्याजवळ धरायचा) ह्या डाव्या काडीला दोरा गुंडाळलाय, नोज पॅडच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवलाय, आणि काच तर अशी झालीय की पलीकडं माणूस उभाय का म्हैस ते कळणार नाही. परवा एक काका हा घेऊन आलते. मोंढ्यात सोयाबीन घातलं आणि तसेच माझ्या चष्म्याच्या दुकानात. चष्मा काउंटरवर ठेवला अन् म्हणले, "काय ओ, काचंचं पॉलिश गेलं की सगळं, बदलून द्या." मी म्हणलं काका, कवा घेतलाव? तर म्हणले, "ती पाण्याची रेल्वे आलती बगा, त्याच उन्हाळ्यात."

आता लातूरच्या माणसाला ह्यापुढं तारीख सांगायची गरज नाही. एप्रिल 2016, दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं. किती वर्षं झाली तुम्हीच मोजा, मी तोपर्यंत पाणी पितो.

हसू नका राव, असे रोज येतात. एक ताई आल्या, पोराचा चष्मा जूनमध्ये केलता, दिवाळीत नंबर वाढला, तर म्हणे काच फ्री बदलून द्या, सहा महिने पण झाले नाहीत. अहो ताई, पोराचा डोळा वाढायलाय, त्यात माझ्या दुकानाची काय चूक? वाढत्या पोरांचा नंबर सहा महिन्याला, वर्षाला बदलतोच, तपासायलाच पाहिजे. आणि चाळिशीनंतर जवळचा नंबर साठीपर्यंत हळूहळू सरकत राहतो. शुगर वर-खाली होत असली तर नंबर पण वर-खाली होतो, म्हणून शुगर कंट्रोलमध्ये नसताना मी तर नवीन चष्मा करूच नका म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालतंय.

बरं, मुद्द्यावर येऊ. चष्मा किती दिवस टिकावा?

तुम्ही चष्मा सकाळी उठल्यावर लावता आणि रात्री झोपताना काढता. रोजचे 14 तास धरा, म्हणजे वर्षाचे 5000 तास झाले. एवढा वापर घरातल्या कुठल्याच वस्तूचा नाही, पंखा सोडला तर. चप्पल वर्षात झिजते, आपण काय चपलेच्या दुकानात जाऊन टाच झिजली, बदलून द्या म्हणतो का? गाडीचं टायर गुळगुळीत झालं तर गुपचूप नवीन टाकतो. चष्म्यालाच काय झालंय की, तो जन्मभर नवा राहावा असं सगळ्यांना वाटतं.

ह्यावर एक डायलॉग ठरलेला असतो: आमच्या आजोबाचा चष्मा 20 वर्षं चालला. चालला असंल, मी खोटं म्हणत नाही. पण आजोबाची काच ही खरोखरची काच होती. कडक, लवकर चरे पडत नव्हते, पण जड, नाकावर खड्डे पडायचे, आणि फरशीवर पडली की संपला विषय. आता आपण जिला काच म्हणतो ती प्लॅस्टिक असते. सीआर-39 म्हणून एक प्लॅस्टिक आहे, 1940 च्या काळात अमेरिकेत निघालं, आजही साध्या चष्म्यात तेच बसतं. निम्म्या वजनाचं, फुटलं तरी काचेसारखे तुकडे उडत नाहीत. पण मऊ. मऊ म्हणल्यावर चरे आलेच. आणि दुसरं, आजोबा चष्मा लावायचे पेपर वाचायला, अर्धा तास. मग डबीत. तुम्ही तो लावून मळणी यंत्रावर उभे राहता!

खरं दुखणं आहे कोटिंगचं, जरा नीट सांगतो. तुम्ही ब्लू कट म्हणा, अँटी-ग्लेअर म्हणा, एआरसी म्हणा, काचेवर जी हिरवी-निळी झाक दिसते ती. ते कोटिंग म्हणजे धातूच्या ऑक्साइडचे लई पातळ थर असतात, एकावर एक, व्हॅक्युमच्या मशीनमध्ये बसवलेले. डोळ्याला थर दिसणार पण नाही इतके पातळ. खालचं प्लॅस्टिक गरम झालं की फुगतं, वरचा थर मात्र तेवढा फुगत नाही, मग तो तडकतो. आपल्या काळ्या रानाला मे महिन्यात भेगा पडतात का नाही, डिट्टो तशी बारीक जाळी पडते. उजेडाकडं धरली की दिसते. आणि आपल्याकडं उन्हाळा 42, 43. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर 60-70 डिग्री आरामात होतं. चष्मा तिथं ठेवून लग्नाचं जेवण करून आलात की कोटिंगचा कार्यक्रम झाला. गाडीतला चष्मा कुठं होता हे मला जाळी बघूनच कळतं, पण माणूस शपथा घालतो की नाही ओ, घरातच होता. असू द्या.

दुसरं म्हणजे पुसणं. आपल्याकडं चष्मा पुसायची पद्धत काय? हा करून वाफ मारायची आणि शर्टाच्या टोकानं, नाहीतर दस्तीनं घासायचं. ज्या दस्तीनं आत्ताच घाम पुसलाय, ज्यात रस्त्याची सगळी धूळ आहे. धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते ह्या प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कडक. म्हणजे तुम्ही पॉलिश पेपर मारायलाव काचेला, तेही दिवसातून दहा वेळा. आधी नळाखाली धरा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब बोटानं फिरवा, धुवा, मऊ कापडानं टिपा. बोअरचं पाणी असंल तर काचेवर तसंच सुकू देऊ नका, क्षाराचे डाग बसतात. आणि टूथपेस्टनं चरे जातात म्हणून जे व्हिडिओ फिरायलेत ते करू नका, टूथपेस्ट घासायचीच वस्तू आहे, चऱ्यासोबत कोटिंग पण जातं.

मग माझ्या काउंटरवरचा अंदाज ऐका, माझ्या गिऱ्हाइकांवरनं सांगायलोय. नोज पॅड सहा महिने ते वर्ष, पिवळे पडतातच. खालून फ्रेम नाही, नुसती तार असते तसला चष्मा, ती तार म्हणजे नायलॉनचा दोरा असतो, वर्षाला बदलून घ्या, नाहीतर एक दिवस काच गटारीत. कोटिंग नीट वापरलं तर दीड-दोन वर्षं. फ्रेम दोन-तीन वर्षं, पण एका हातानं ओढून काढायची सवय असली तर काडी लवकर वाकडी होते. घाम जास्त येणाऱ्याची मेटल फ्रेम हिरवी पडते, त्यातल्या तांब्यामुळं. आणि मोडलेली काडी फेविक्विकनं चिकटवून आणू नका, त्याच्या वाफेनं काचेवर पांढरट धुरकट थर बसतो, मग जी दहा रुपयाच्या स्क्रूत नीट होणारी गोष्ट होती तिचा खर्च हजारावर जातो.

आता दुकानदाराची चूक कुठली ते पण सांगतो, नाहीतर म्हणताल हा आपल्याच धंद्याची बाजू घ्यायलाय. नंबर चुकीचा बसवला, काचेचं सेंटर हुकलं, म्हणजे बाहुलीसमोर आलं नाही, तर काच फुकट करून द्यायची, वाद घालायचा नाही. महिन्या-दोन महिन्यात फ्रेमचा मुलामा सोलला, जोडावर डाग देऊन झाळलेली जागा आपोआप सुटली, कोटिंग कडेनं पापुद्रे निघाल्यासारखं उठायलंय, हे कंपनीचे दोष. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत घेतला नाही, किंवा मुदत लिहिलेलीच नसेल तर 30 दिवसांत घेतला नाही, तर ती अनुचित व्यापारी प्रथा धरतात. बिल न देणं पण त्यातच येतं. दुकानदार ऐकत नसंल तर 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावा. पण पडला, वर बसलो, नातवानं चावला, हा दोष होत नाही. नातवाची वॉरंटी आमच्याकडं नसते.

आता काकांचं राहिलं. मी त्यांना हे सगळं सांगितलं, चांगली वीस मिनिटं. ते शांत ऐकत होते. मग त्यांनी जुन्या डबीतून एक घडी घातलेला कागद काढला. बिल. माझ्याच दुकानाचं, माझंच अक्षर. खाली लिहिलेलं: "फुल गॅरंटी." किती दिवस, कशाची, काहीच नाही.

काय बोलणार? नवीन दुकान होतं, गिऱ्हाईक सुटू नये म्हणून प्रत्येकाला म्हणायचो, घ्या काका, काही झालं तर आणा, मी बसलोय. आम्ही सगळेच म्हणतो ओ. विकताना तोंडात साखर अन् नंतर अटी. मग लोकांनी 'काही झालं' ह्याचा अर्थ 'काहीही झालं' घेतला तर त्यांना एकट्याला हसून कसं चालंल?

काकांना फ्रेम खरेदीच्या भावात दिली, काचेचे पैसे घेतले, ते पण आनंदानं दिले त्यांनी. ह्यावेळी बिलावर नीट लिहिलं: फ्रेमच्या दोषाला 1 वर्ष, कोटिंगला 6 महिने, चरे आणि मोडतोड ह्यात नाही, स्क्रू आणि फिटिंग कधीपण फुकट. तुम्ही पण असंच लिहून मागा, तोंडी ऐकून घेऊ नका, माझ्याकडून पण नाही.

संध्याकाळी काका चष्मा न्यायला आले. लावला, बिल हातात धरलं, एकेक शब्द मोठ्यानं वाचला. वाचून झालं म्हणलं आता निघतील. तर बोट खाली नेऊन म्हणले, "आन् हे बारीक काय छापलंय? 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' मग वर लिव्हलंय ते खरं का हे?"

प्रेसवाला सगळ्यांच्याच बिलबुकावर ती ओळ छापून देतो, मी इतक्या वर्षांत कधी वाचलीच नव्हती. काकांच्या समोर पेनानं खोडली, खाली सही केली. उरलेली चार बुकं पण खोडत बसलोय, ही बघा. (बिलबुक दाखवायचं)