उभे रूळ, आडव्या वाटा: मुंबईत मोटारसायकलने कामावर

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

मुंबईत कामावर मोटारसायकलने जावे की जाऊ नये, असे मला वरचेवर विचारले जाते आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा गाडीचे मॉडेल, ॲव्हरेज आणि किंमत एवढेच ऐकायचे असते. मी मात्र आधी उलट विचारतो की राहता कुठे आणि ऑफिस कुठे? या शहराचे लोहमार्ग मुख्यतः दक्षिणोत्तर धावतात. ज्याचे घर आणि नोकरी एकाच मार्गाच्या कडेला आहे, त्याच्यासाठी गर्दीचा त्रास धरूनही लोकलइतके स्वस्त आणि जलद साधन दुसरे नाही. डोंबिवलीहून फोर्टला रोज दुचाकीने येणाऱ्या माणसाच्या हौसेला मी दाद देईन, त्याच्या हिशेबाला देणार नाही. दुचाकी खऱ्या अर्थाने कामी येते ती पूर्व-पश्चिम, म्हणजे आडव्या प्रवासात, आणि माझे आजचे बहुतेक बोलणे अशा प्रवाशांसाठी आहे.

मुलुंडला राहणारा आणि अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरी करणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. जून २०१४ मध्ये घाटकोपर-वर्सोवा मेट्रो सुरू होईपर्यंत त्याला रेल्वेने जायचे तर दादरपर्यंत खाली यायचे, पूल ओलांडून गाडी बदलायची आणि पुन्हा वर अंधेरीपर्यंत जायचे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. मेट्रोने तो बराच कमी केला आणि आता आरेपासून कफ परेडपर्यंत जाणारी भुयारी मेट्रो ३ सीप्झ या अंधेरीतल्या निर्यात-उद्योग वसाहतीला आणि एमआयडीसीलाही पोहोचली आहे. तरीही कांदिवलीहून पवईला किंवा चेंबूरहून मरोळच्या आतल्या गल्लीत जाणाऱ्याला दोनदा वाहन बदलणे आणि शेवटी रिक्षाच्या रांगेत उभे राहणे चुकलेले नाही. कार्यालये जुन्या कारखान्यांच्या जागांवर उभी राहिली आणि ते कारखाने स्टेशनाला चिकटून नव्हते, हे त्याचे एक कारण. घराच्या जिन्यापासून ऑफिसच्या दारापर्यंत एकाच वाहनाने जाता येणे, ही सोय अशा माणसाला दुचाकी देते.

दुचाकी वेगवान असते म्हणून ती घ्यावी, असे सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. मुंबईच्या रस्त्यावर वेग कुणालाच मिळत नाही. दुचाकीचा लाभ आहे तो वेळेच्या खात्रीचा. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रो ६ च्या कामाने रस्ता आक्रसला की मोटारीला लागणारा वेळ एखाद्या दिवशी दुप्पट होतो. दुचाकीच्या वेळेत फरक पडतो तो काही मिनिटांचा, आणि दहाची मीटिंग असलेल्या माणसाच्या दृष्टीने सरासरी वेळेपेक्षा ही खात्री मोलाची असते. पाळीत काम करणाऱ्यांना तर तिची किंमत अधिकच, कारण मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असते आणि त्या वेळी रिक्षावाला कुठे यायला तयार होईल, हे त्याच्या मर्जीवर असते.

या शहराने दुचाकीला काही रस्ते मात्र बंद ठेवले आहेत आणि नवख्या चालकाला ते चौकात पोहोचल्यावर कळते. वांद्रे-वरळी सागरी सेतू, किनारी रस्ता, जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आणि जे. जे. उड्डाणपूल यांवर मोटारसायकल नेता येत नाही. म्हणून फोनच्या नकाशात दुचाकीचा पर्याय निवडल्याशिवाय वेळेचा अंदाज बांधू नये. समुद्रावरचा वारा आणि मोटारींचा वेग पाहता सागरी सेतूवरची बंदी मला पटते. जे. जे. पुलाचे मात्र पुरते पटत नाही, कारण पूल बंद म्हणून दुचाकीस्वार ज्या मोहम्मद अली रस्त्यावर उतरतो, तिथे हातगाड्या, माल उतरवणारे टेम्पो आणि मध्येच रस्ता ओलांडणारे पादचारी यांच्यातून वाट काढणे वरच्या मोकळ्या पुलापेक्षा कितपत सुरक्षित आहे, हे तिथून जाणाऱ्यानेच सांगावे.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. रोजचे जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर आणि लिटरला पन्नासचे ॲव्हरेज धरले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत वीस लिटर पेट्रोल लागते. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर आहे, म्हणजे दोन हजारांपेक्षा थोडे अधिक. लोकलचा सेकंड क्लासचा पास याच्या आसपासही येत नाही. लोक पेट्रोल मोजून थांबतात. पण वर्षाला बारा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे ऑइल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू आणि टायर यांचा खर्च धरल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. चेन दर पाचशे किलोमीटरला पुसून तेल लावणाऱ्याचा चेन सेट बराच जास्त टिकतो आणि तेवढे काम रविवारी सकाळी जुन्या बनियनच्या फडक्याने घरीच होते.

आता पावसाळा, ज्याच्यावर या विषयातला निम्मा भार आहे. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हे चार महिने ज्याला निभावता येत नाहीत, त्याची मोटारसायकल वर्षाचा एक तृतीयांश काळ सोसायटीच्या पत्र्याखाली उभी राहते. सगळ्यांत धोक्याचा दिवस मुसळधार पावसाचा नसतो, तर पहिल्या सरीचा असतो. आठ महिने रस्त्यावर सांडलेले ऑइल, डिझेल आणि टायरचा रबर त्या सरीने वर येतो आणि डांबरावर त्याचा निसरडा थर पसरतो. दोन-चार दमदार सरींनी तो वाहून गेला की त्याच रस्त्यावर टायरची पकड पुष्कळ सुधारते. पहिल्या सरीच्या दिवशी सिग्नलच्या रांगेत, जिथे ट्रक आणि बस उभ्या राहून इंजिनाखाली ठिबकतात, तिथे लेनच्या मधोमध गाडी न चालवता मोटारींची चाके जातात त्या पट्ट्यातून चालवावी.

त्यानंतर येते लोखंड. मॅनहोलची झाकणे, मेट्रोच्या कामाजवळ खड्ड्यांवर टाकलेल्या पोलादी प्लेटा, उड्डाणपुलांचे सांधे आणि ओले झाल्यावर गुळगुळीत होणारे पेव्हर ब्लॉक या सगळ्यांवरून जाण्याची रीत एकच आहे: गाडी सरळ ठेवायची, वळायचे नाही, ब्रेक लावायचा नाही आणि ॲक्सिलरेटर न हलवता, आहे त्या गतीने पार व्हायचे. झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टेही याच यादीत बसतात, आणि पाय टेकवण्याची जागा नेमकी तीच असते, म्हणून सिग्नलला थांबताना पाय दोन पट्ट्यांमधल्या डांबरावर टेकवावा.

साचलेल्या पाण्याबद्दल मी अधिक कडक आहे. हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावे प्रत्येक मुंबईकराला पाठ असतात, तरी पुढच्या रिक्षाच्या मागोमाग आपणही पाण्यात शिरतो. सायलेन्सर बुडेल एवढे पाणी असेल तर मागे फिरावे. गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबण्याचा मोह टाळावा, कारण एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असेल तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथून पुढे काम प्लग पुसण्यावर भागत नाही, इंजिन उघडावे लागते. गाडी ढकलत कोरड्यात आणावी आणि मेकॅनिकला बोलवावे. पाण्यातून सुखरूप बाहेर पडलेल्यांनीही पुढचे काही मीटर ब्रेक हलके दाबून धरावेत. ड्रम ब्रेकच्या शूमध्ये पाणी शिरलेले असते आणि ते सुकेपर्यंत ब्रेक लागल्यासारखा वाटतो, पण गाडी थांबत नाही.

पोशाखाचा विचार क्षुल्लक वाटेल, पण पावसाळ्यात दुचाकी सोडून देणारे बहुतेक लोक अपघाताच्या भीतीने नव्हे, तर ओल्या कपड्यांत दिवसभर एसीत बसायला कंटाळून ती सोडतात. रेनकोट शर्ट-पँटचा वेगळा घ्यावा आणि घेताना पँटच्या बैठकीची शिवण आतून टेप लावून बंद केली आहे का, हे उलटून पाहावे, कारण टाकीवरून ओघळणारे पाणी सीटच्या पुढच्या टोकाशी साचते आणि सर्वांत आधी तिथूनच आत शिरते. पँट गमबुटाच्या बाहेरून सोडावी. आत खोचली की गमबूट म्हणजे दोन बादल्या. ऑफिसच्या खणात चामड्याचे बूट, एक शर्ट, मोजे आणि पंचा ठेवला की हा प्रश्न सुटतो. हेल्मेटची काच चरे पडलेली असेल तर ती जूनच्या आधी बदलावी, कारण रात्रीच्या पावसात समोरच्या हेडलाइटचा उजेड त्या चऱ्यांवर फुटतो आणि रस्ताच दिसेनासा होतो.

हेल्मेटबद्दल कायद्याने जे सांगितले आहे ते आपल्याला माहीत आहे. जून २०२२ पासून मुंबईत मागे बसणाऱ्याच्या डोक्यावरही ते नसले तर कारवाई होते आणि १ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट विकताच येत नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, एवढा एक आकडा पुरे. तरीही सिग्नलला पाहावे, तर हनुवटीखालचा पट्टा मोकळा लोंबत असतो. ते हेल्मेट चलानापासून वाचवते, पडताना मात्र डोक्याच्या आधी निघून जाते.

ब्रेकचेही असेच आहे. 'पुढचा ब्रेक मारू नकोस, तोंडावर पडशील' हा घराघरांतला सल्ला अर्धवट आहे. गाडी थांबताना वजन पुढच्या चाकावर येते, त्यामुळे थांबवण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. पडतो तो माणूस हँडल वळलेले असताना किंवा निसरड्यावर पुढचा ब्रेक एकदम करकचून दाबतो म्हणून. ताशी चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद गेला, तर अकरा मीटर तिथेच संपले आणि कोरड्या रस्त्यावर पुरता ब्रेक लावूनही आणखी दहा मीटर लागतात. बेस्टच्या बसमागे दोन हात अंतर ठेवून जाणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. रोज कामावर नेल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या त्या मर्यादेच्या आत बसतात आणि त्यांना दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पुरेशी मानली जाते. ती उपयोगी आहे, पण चाक लॉक होण्यापासून ती वाचवत नाही.

माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाहीत, त्यामुळे तिथे गेल्यावर उपनगरातल्या चालकाची नजर बदलावी लागते. रिक्षा अचानक आडवी येते, तर टॅक्सी कडेला थांबते आणि तिचा मागचा दरवाजा उघडतो. उभ्या टॅक्सीपासून दरवाजाच्या रुंदीएवढे अंतर ठेवणे हा तिथला पहिला नियम.

विम्याबद्दल एक गैरसमज फार महागात पडतो. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो आणि त्यामुळे लोकांना वाटते की पाच वर्षे निर्धास्त झालो. थर्ड पार्टी विम्यात भरपाई मिळते ती आपल्या गाडीमुळे ज्याचे नुकसान झाले त्याला. आपली गाडी चोरीला गेली, झाडाखाली सापडली किंवा पुरात बुडाली, तर त्यासाठीचा ओन डॅमेज विमा वेगळा असतो आणि तो बहुतेक वेळा वर्षभराचाच काढलेला असतो. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात. त्यांतली ओन डॅमेजची तारीख मे महिन्यातच पाहून ठेवावी, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी नूतनीकरण होते.

विजेवरच्या स्कूटरविषयी आपल्यापैकी पुष्कळांना विचारायचे असेल. चाळीस किलोमीटरच्या रोजच्या फेरीला ती पुरते, चालवायला पेट्रोलच्या गाडीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते आणि चेन-ऑइलची कटकट नसते. मुंबईत अडते ते चार्जिंगवर, कारण गाडी तळमजल्यावर आणि आपले मीटर वेगळ्याच कोपऱ्यात असते. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटावे, पार्किंगपर्यंत स्वतंत्र वायर टाकायची परवानगी लेखी मागावी आणि ती हातात आल्यावरच बुकिंगचे पैसे भरावेत.