आज गुडघा बरा आहे

(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : फोनचा पडदा. निरोप एकामागून एक उमटतात. नावं झाकलेली.]

'आज गुडघा बरा आहे. जिना चढले.'
'रात्री तीनपासून जागी. पित्त उठलंय.'
'इकडे धुकंच धुकं. मोहोर काळा पडणार म्हणून हे सकाळपासून चिडचिड करतायत.'
'नातवाचा पहिला दात दिसला!!'
'मला आज काहीच करावंसं वाटत नाहीये.'

निवेदन :

हे सगळे निरोप एकाच सकाळचे, सहा ते आठ या वेळातले. लिहिणाऱ्या बायका चिपळूणच्या एका शाळेतून १९८४ साली दहावी झाल्या. आज त्यांच्यातली एक डोंबिवलीला असते, एक कोथरूडला, एक गुहागरजवळच्या आंब्या-काजूच्या बागेत, एक मस्कतला. दोघी अजून चिपळुणातच आहेत. आणि सांगलीत जी आहे, ती माझी आई. बाकीच्या सगळ्या माझ्या मावश्या.

चित्रीकरणाची परवानगी मागितली तेव्हा त्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर बराच खल झाला. शेवटी डोंबिवलीच्या मावशीने निर्णय कळवला : 'नावं घ्यायची नाहीत. आणि आम्हाला बिचाऱ्या म्हणून दाखवायचं नाही.' दोन्ही अटी मला मनापासून पटल्या.

[दृश्य : सांगली. ओट्याशी उभी आई, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात फोन.]

गट सुरू झाला २०१४च्या दिवाळीत. पहिले काही महिने जुन्या बाईंच्या आठवणी, स्नेहसंमेलनाचा एक पिवळा पडलेला फोटो, कोण कुठे बसायचं यावरून लुटुपुटूची भांडणं. मग आठवणी आटल्या आणि रोज सकाळी गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, सुविचार यांचा पाऊस सुरू झाला. असे कितीतरी गट याच टप्प्यावर थांबतात. फुलं येत राहतात, पण फूल पाठवणारी कशी आहे ते कुणालाच कळत नाही.

इथे मस्कतच्या मावशीने एक दिवस लिहिलं, 'फुलं नकोत ग. तू कशी आहेस ते सांग.' मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. रमजानात तिची सेहरी आणि सांगलीतला आईचा पहिला चहा जवळजवळ एकाच वेळी होतो. त्या वेळेला तिला कुणाशी तरी बोलायचं असायचं आणि समोर यायचा तो दुसरीकडून आलेला, ढकललेला सुविचार. तेव्हापासून यांचा नियम झाला : आठ वाजेपर्यंत प्रत्येकीने स्वतःची एक ओळ लिहायची, नाहीतर बोलून पाठवायची. याला त्या हजेरी म्हणतात.

या ओळींत काय असतं? गॅस संपला. मुलीचा फोन आला नाही. उपाशीपोटीची साखर १३२ आली. कामवाली चार दिवस गावाला गेली. पहिल्यांदा वाचताना मला हे वाचण्यासारखं वाटलं नव्हतं. महिनाभर वाचल्यावर मात्र प्रत्येकीचा दिवस कसा वर-खाली होतो ते डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून आला होता. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्याने म्हटलं की माणसं एकमेकांची तब्येत विचारतात, हवापाण्याबद्दल बोलतात, ते माहिती मिळवण्यासाठी नसतं. त्या बोलण्यातूनच माणसं एकमेकांशी बांधली जातात. आपल्याकडे हे कुणाला शिकवावं लागलं नाही. भारतात पोस्टकार्ड आलं १८७९ साली, पाव आण्याला. त्यावर 'इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे' एवढा मजकूर असला तरी मुंबईच्या चाकरमान्याचं कार्ड कोकणातल्या घरात पुन्हा पुन्हा वाचलं जायचं. फरक एवढाच की कार्डावर नेहमी 'सर्व क्षेम' असायचं. ते पोस्टमनही वाचायचा, शेजारीही वाचायचे. घराची लाज राखूनच लिहावं लागायचं.

व्हॉट्सअॅपचा जन्मही अशाच 'कसं काय' मधून झालाय. २००९ साली ते सुरू करणाऱ्या जॅन कूमला फोनच्या यादीत प्रत्येक नावासमोर त्या माणसाची आत्ताची अवस्था दिसावी, असं करायचं होतं : कामात आहे, बॅटरी संपत आलीय. मित्र त्या ओळीतूनच एकमेकांशी बोलायला लागले आणि निरोपांची सोय नंतर आली.

[दृश्य : डोंबिवली. गॅलरीत वाळत घातलेले कपडे. मावशी पाठमोरी.]

गट सुरू झाला तेव्हा या सगळ्या सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या होत्या. पाळी जाण्याचं वय. घरात याबद्दल कुणाशी बोलायचं? नवऱ्याला वाटायचं, हल्ली ही फार चिडते. मुलं दहावी-बारावीत. सासूने कधी चकार शब्द काढलेला नाही. डोंबिवलीच्या मावशीने एका रात्री लिहिलं, 'पंखा पाचावर आहे, तरी अंगातून वाफा निघतायत. मला काहीतरी मोठं झालंय का ग?' पाच मिनिटांत चौघींची उत्तरं आली : मलाही, मलाही, मलाही, मला दोन वर्षांपासून.

ती मला म्हणाली, 'त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले. वाफा काही थांबल्या नव्हत्या.'

कोथरूडच्या मावशीने सगळी हयात सरकारी रुग्णालयात सिस्टर म्हणून काढली. गटावर तिचा शब्द अखेरचा. आणि तो तसाच असायला हवा, कारण तब्येतीच्या गप्पांना एक धोकादायक वळण असतं. कुणीतरी कुठून तरी एक काढा पाठवतं, 'रक्तदाब कायमचा बरा' असं त्यावर लिहिलेलं असतं. चिपळूणच्या एका मावशीने त्या भरवशावर गोळी बंद केली आणि देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. थोडक्यात निभावलं. तेव्हा सिस्टर मावशीने ठणकावलं : 'लक्षण सांगा. औषध सांगू नका. एकीची गोळी दुसरीला देऊ नका.' हा नियम आज गटाच्या नावाखालीच लिहिलेला आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक गटाने तो उचलावा असं मला वाटतं.

२०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, हजेरीच्या ओळी आकडे झाल्या. ९७. ९८. ९६. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघरी आलं होतं. सहा मिनिटं घरातल्या घरात चालून पुन्हा आकडा बघा, ९३च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा तीनहून जास्त उतरला तर डॉक्टरांना गाठा, असं आरोग्य विभाग सांगत होता. डोंबिवलीच्या मावशीचा चालल्यानंतरचा आकडा एका सकाळी ९१ आला. तिने तो लिहिला आणि खाली लिहिलं, 'मशीन बिघडलं असेल.' त्यावर सिस्टर मावशीचा फोन थेट तिच्या मुलाला गेला. दुपारी ती ऑक्सिजनवर होती. ती घरी परतली. त्या महिन्यात वर्गातल्या दोघी मात्र परतल्या नाहीत. त्यांचे क्रमांक अजून गटात आहेत, कुणी काढलेले नाहीत.

[दृश्य : चिपळूण. वाशिष्ठीचा पूल. बाजारपेठेतल्या भिंतीवर पुराच्या पाण्याची खूण.]

आणि मग २२ जुलै २०२१.

आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. वाशिष्ठी आणि शिव, दोन्ही नद्या गावात शिरल्या. पहाटे चिपळूणच्या मावशीची ओळ आली : 'पाणी पायरीला लागलंय. वर सामान चढवतोय.' त्यानंतर काही नाही. वीज गेली होती, मोबाइलचे टॉवर बंद पडले होते. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकलंय, अशी दृश्यं टीव्हीवर दिसत होती. आईने तिला पाठवलेले निरोप एका टिकेवर अडकून राहिले. दुसरी टिक उमटत नव्हती.

सांगलीत, डोंबिवलीत, मस्कतला बसलेल्या बायका काय करणार होत्या? पण त्यांना त्या घराबद्दल काय काय माहीत होतं ते बघा. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांना रोज दोन वेळा इन्सुलिन लागतं. घर तळमजल्यावर आहे. मागच्या बाजूला शेजाऱ्यांचा लोखंडी जिना आहे, त्याच्या आवाजाने हिची दुपारची झोप मोडते. भाचा खेडला असतो. यातलं काहीही त्यांनी मुद्दाम विचारून घेतलेलं नव्हतं. वर्षानुवर्षांच्या कुरकुरीतून, गाऱ्हाण्यांतून ते साठलेलं होतं. मदतीला उतरलेल्या मुलांपर्यंत त्यांनी हे पोहोचवलं : तळमजला, मागचा लोखंडी जिना, आजी चालू शकत नाहीत, इन्सुलिन लागतं.

शेजाऱ्यांनी आजींना त्याच जिन्यावरून आधीच वर नेलं होतं. इन्सुलिन मात्र फ्रिजसकट पाण्यात गेलं होतं. गुहागरच्या मावशीने मदतीच्या गाडीतून नवं पाठवलं. बर्फात ठेवून पाठवू का, असं तिने विचारलं तेव्हा सिस्टर मावशी म्हणाली, 'थंड ठेव, पण बर्फाला थेट टेकवू नकोस. गोठलं की वाया जातं.' कापडात गुंडाळलेली ती बाटली वेळेत पोहोचली.

नेटवर्क आल्यावर चिपळूणहून पहिली ओळ आली : 'सगळी जिवंत. पीठ, तांदूळ, पापड सगळं गेलं. रडू येतंय.' तिला कुणी 'रडू नकोस' लिहिलं नाही. मस्कतच्या मावशीने लिहिलं, 'रड. मीपण रडतेय.'

[दृश्य : कोथरूड. संध्याकाळ. बाकावर बसलेल्या दोघीजणी, चेहरे दिसत नाहीत.]

शरीराचं दुखणं सांगणं त्यातल्या त्यात सोपं. मन बरं नाही हे लिहायला या बायकांना आणखी वेळ लागला. 'मला आज काहीच करावंसं वाटत नाहीये' ही ओळ जिची आहे, तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, आणि म्हणूनच तिला घरात काही बोलता येत नाही. मुलाला वाटेल, आपण कमी पडतोय. ही ओळ रोज यायला लागली, मग हजेरी दहाला, बाराला यायला लागली, मग एक दिवस आलीच नाही. सिस्टर मावशी थेट तिच्या दारात गेली. आता ती मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते, औषधं घेते आणि हेही गटावर लिहिते. ज्यांना अशी मैत्रीण नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं. मावशीने हा क्रमांक पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवायला सांगितलाय.

[पडद्यावर : १४४१६]

एकटेपणा हा आता आरोग्याचा प्रश्न मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक माणूस एकटेपणा अनुभवतो. त्याआधी २०१० साली अमेरिकेत १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. तीन लाखांहून अधिक माणसांच्या त्या माहितीत, घट्ट नातीगोती असलेल्यांची जगण्याची शक्यता पन्नास टक्क्यांनी जास्त निघाली.

गटात सगळं गोडच आहे असं नाही. एकीच्या घरी सुतक असताना दुसरीने सहलीचे चाळीस फोटो टाकले, त्यावरून अबोला झाला. एकीच्या मुलाने आईचा फोन उघडून गट वाचला आणि 'घरातलं बाहेर सांगतेस' म्हणून तिला फैलावर घेतलं. २०१६पासून व्हॉट्सअॅपचे निरोप वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, पण डायनिंग टेबलावर पडलेला फोन कुणीही वाचू शकतं. आता सगळ्यांच्या फोनला कुलूप आहे. बाईच्या फोनला कुलूप असणं हा तिचा हक्क आहे, असं मी या माहितीपटात ठामपणे म्हणते.

[दृश्य : गुहागरजवळची बाग. मावशी काजूच्या टोपल्या उचलतेय. मग ती टोपली खाली ठेवते.]

गुहागरच्या मावशीची गोष्ट मी तिच्याच सांगण्यावरून सांगतेय. 'बाकीच्या बायकांना कळू दे,' ती म्हणाली. तिचं अंग बाहेर येत होतं. गर्भाशय खाली सरकतं, बसताना-उठताना जड वाटतं, लघवीचा त्रास होतो. बाळंतपणं, वय आणि वर्षानुवर्षं उचललेली ओझी, या सगळ्याने ते होतं. तिने ते आठ वर्षं लपवलं. डॉक्टरांकडे नाही, नवऱ्याकडे नाही, बहिणीकडे नाही. मग एका हजेरीत आईने सहज लिहिलं की शिंक आली तरी लघवी होते, बाहेर जायची लाज वाटते. अर्ध्या तासाने गुहागरहून एक बोललेला निरोप आला. सुरुवातीला नुसता श्वास ऐकू येतो. मग ती सगळं सांगते.

आईला डॉक्टरांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम सांगितले. त्यांनी तिला पुष्कळ फरक पडलाय. मावशीचं मात्र बरंच पुढे गेलं होतं. पुढच्या महिन्यात पुण्यात तिचं ऑपरेशन आहे.

गटावर आता पाळ्या लागल्यात. पहिल्या रात्री सोबतीला डोंबिवलीची मावशी, दुसऱ्या रात्री चिपळूणची, तिसऱ्या रात्री माझी आई. डॉक्टरांशी बोलायचं काम सिस्टर मावशीकडे. डबा कोथरूडहून. मस्कतच्या मावशीला येता येणार नाही, तिने रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉलची वेळ ठरवलीय. गुहागरच्या काकांना एकट्याला चहासुद्धा करता येत नाही, त्यांच्या जेवणाचं काय, यावर काल रात्रीपर्यंत चर्चा चालू होती. शेवटी चिपळूणच्या दुसऱ्या मावशीने लिहिलं, 'त्यांना माझ्याकडे पाठवा. आणि जायच्या आधी त्यांना कुकर लावायला शिकव, तीन शिट्ट्या.'