वाचायला वेळ कोण देतं?

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, कार्यवाह आणि मित्रहो,

‘आजची मुलं वाचत नाहीत’ असं म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही सभेत लगेच माना डोलतात. मग मोबाइलच्या नावानं बोटं मोडून होतात, कुणीतरी आपल्या लहानपणीच्या वाचनाची आठवण सांगतं आणि आभारप्रदर्शन होतं. मी आज जरा वेगळीकडून सुरुवात करतो, जपानपासून.

तिथली शालेय ग्रंथालयांची संघटना दरवर्षी मुलांना एक साधा प्रश्न विचारते : मे महिन्यात किती पुस्तकं वाचलीत? पाठ्यपुस्तकं, गाइडं, मासिकं आणि मांगा, म्हणजे त्यांच्या चित्रकथा, यात धरायच्या नाहीत. २००० साली तिथल्या उच्च माध्यमिकच्या ५८.८ टक्के मुलांनी उत्तर दिलं, एकही नाही. साल लक्षात घ्या. आयफोन बाजारात यायला अजून सात वर्षं होती. २०१९ मध्ये पुन्हा तोच प्रश्न, आणि उत्तर ५५.३ टक्के. मधल्या काळात अख्खं जग खिशात आलं, पण आकडा जवळपास जिथल्या तिथे. म्हणजे सोळा-सतरा वर्षांची मुलं पुस्तकापासून दूर गेली ती फोन येण्याच्या आधीच.

आता त्याच पाहणीतली माध्यमिकची, बारा ते पंधरा वयाची मुलं बघा. २००० साली यातली ४३ टक्के मुलं महिन्यात एकही पुस्तक न वाचणारी. २०१९ मध्ये उरली साडेबारा टक्के. देश तोच, फोन तेच, घरंही तीच. फरक पडला तो शाळेच्या वेळापत्रकात.

१९८८ साली चिबा प्रांतातल्या फुनाबाशी इथे, मुलींच्या एका उच्च माध्यमिक शाळेत हायाशी हिरोशी नावाच्या शिक्षकांनी ‘सकाळचं वाचन’ सुरू केलं. पहिल्या तासाआधी दहा मिनिटं. नियम चारच. सगळ्यांनी वाचायचं, रोज वाचायचं, आपल्याला आवडेल ते पुस्तक वाचायचं, आणि नुसतं वाचायचं. यातला पहिला नियम फार खट्याळ आहे, कारण ‘सगळ्यांनी’ म्हणजे शिक्षकांनीसुद्धा. बाईंनी त्या दहा मिनिटांत हजेरीपट भरायचा नाही, वह्या तपासायच्या नाहीत. टेबलाशी बसून स्वतःचं पुस्तक उघडायचं. आणि चौथा नियम, नुसतं वाचायचं, हा तर आपल्या शिक्षणखात्याला पचणारच नाही. सारांश लिहायचा नाही, ‘या पुस्तकातून काय शिकलात’ नाही, नोंदवही नाही, गुण नाहीत. घंटा झाली की पुस्तक दप्तरात. कंटाळवाणं निघालं तर उद्या दुसरं आणा, कुणी विचारणार नाही.

बघता बघता हा प्रकार हजारो शाळांत गेला. २००१ मध्ये मुलांच्या वाचनाला उत्तेजन देणारा कायदाच जपानच्या संसदेनं केला. सगळं श्रेय त्या दहा मिनिटांना देणं बरोबर होणार नाही, शाळांच्या ग्रंथालयांवरही तिथे बरंच काम झालं. पण प्राथमिकच्या मुलांची महिन्याची सरासरी सहा पुस्तकांवरून अकरांच्या वर गेली, हे काही आपोआप झालेलं नाही. गंमत म्हणजे ज्या उच्च माध्यमिकमध्ये हे सुरू झालं तिथेच ते सगळ्यात कमी रुजलं. तिथे विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षा आहेत, संध्याकाळी खासगी शिकवण्या आहेत, शाळेनंतर क्लबांचे सराव आहेत. दहा मिनिटं काढायची म्हटली तरी ती कुणाच्या तरी वाट्यातूनच काढावी लागतात. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे : मुलांची आवड मरत नाही, तिला मिळणारा मोकळा वेळ आणि निवड आपण काढून घेतो.

फिनलंडचं उदाहरण आपल्याकडे उठताबसता देतात, म्हणून थोडं तेही सांगतो. पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००० साली वाचनात हा देश पहिला होता, ५४६ गुण. २०२२ मध्ये ४९०. २०१८ मध्ये तिथल्या मुली मुलग्यांपेक्षा तब्बल ५२ गुणांनी पुढे होत्या, म्हणजे मुलगे वाचनातून उठून चालले आहेत. आणि ही त्या देशाची गोष्ट आहे, जिथे हेलसिंकीत संसदेच्या समोर, अगदी मोक्याच्या जागी, २०१८ साली ऊदी नावाचं देखणं सार्वजनिक ग्रंथालय उभं राहिलं. इमारती हव्यातच, मी नको म्हणत नाही. आपल्या वाचनालयाचं छत गळतंय, ते आधी दुरुस्त व्हायला हवं. पण नुसत्या इमारतीनं काम होत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना वाचनाची गोडी लावली ती डोनाल्ड डकच्या चित्रकथांच्या साप्ताहिकानं. १९५१ पासून ते फिनिश भाषेत निघतं आहे, आणि त्यातल्या फिनिशचं कौतुक भाषेचे प्राध्यापकही करतात. आपल्याकडे मूल चित्रकथा वाचताना दिसलं की आपण म्हणतो, ‘काहीतरी चांगलं वाच’.

ब्रिटनचं दोन वाक्यांत. आठ ते अठरा वयाच्या मुलांना मोकळ्या वेळात वाचायला आवडतं का, असं तिथे दरवर्षी विचारतात. २००५ मध्ये निम्म्याहून थोडी जास्त मुलं हो म्हणाली होती, २०२४ मध्ये जेमतेम एक तृतीयांश.

फिलिपिन्सकडे मात्र थोडं थांबून बघायला हवं, कारण तिथे आपले सगळे ठोकताळे चुकतात. २०१८ च्या ‘पिसा’मध्ये वाचनात हा देश तळाशी होता, ३४० गुण. आणि त्याच देशातल्या मुली वॉटपॅडवर, म्हणजे फोनवर फुकट कथा लिहिण्या-वाचण्याच्या ठिकाणी, जगातल्या सर्वांत मोठ्या वाचकवर्गांपैकी एक. टागालोग आणि इंग्रजीची सरमिसळ असलेल्या प्रेमकथा. त्यातल्या गाजलेल्या कथांची प्रकाशकांनी पुस्तकं काढली, पुढे सिनेमेही झाले. असंच जपानमध्ये २००७ साली झालं होतं : फोनच्या बटणांवर लिहिलेल्या कादंबऱ्या छापून आल्या आणि त्या वर्षीच्या खपाच्या यादीत पहिल्या दहा ललित पुस्तकांत पाच त्याच. समीक्षकांनी नाकं मुरडली. वाचणाऱ्या मुलींना त्याची खबरही नसावी.

चाचणीतलं वाचन आणि आवडीचं वाचन ही जोडीनं चालतातच असं नाही, हे यावरून दिसतं. त्या कथा मलाही वाचवत नाहीत, हे खरं. पण माझ्यासारख्या साठीच्या माणसाला त्या वाचवाव्यात म्हणून कुणी लिहिलेल्याच नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. २००९ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टनं तेरा ते पस्तीस वयाच्या साक्षर तरुणांची देशभर पाहणी करवून घेतली. पाठ्यपुस्तकांपलीकडे पुस्तकं वाचणारे निघाले साधारण एक चतुर्थांश. आणि वाचायला कुठली भाषा आवडते, तर हिंदीनंतर दुसरा क्रमांक मराठीचा, सुमारे १३ टक्के. इंग्रजी बरीच मागे. मराठीच्या नावानं रडताना हा आकडा आपण कधी सांगत नाही. पाहणी जुनी आहे, पण मागणी होती हे तर त्यातून कळतं.

मग ही मुलं जातात कुठे? पुण्यात सदाशिव पेठेतल्या, स्पर्धा परीक्षांच्या कुठल्याही अभ्यासिकेत जा. सकाळी सात वाजता शंभर मुलं-मुली खाली माना घालून वाचत असतात. प्रत्येकाचं टेबल ठरलेलं, त्यावर पाण्याची बाटली, हायलायटर, भिंतीला चिकटवलेलं वेळापत्रक. एवढा वेळ एकाग्रतेनं वाचणारे तरुण जगात फार ठिकाणी दिसायचे नाहीत. फक्त त्या शंभरांत कादंबरी उघडलेलं एकही टेबल नसतं, आणि असलंच तर त्याच्यावर चालू घडामोडींचं मासिक आडवं ठेवलेलं असतं. अपराध्यासारखं. अकरावी-बारावीच्या मुलांचं तेच, सीईटी नाहीतर नीट. दहावी झालेल्या मुलाच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिसलं की घरातलं पहिलं वाक्य असतं, ‘एवढी दोन वर्षं कर, मग आयुष्यभर वाच’. दोन वर्षांनी तो हॉस्टेलवर असतो आणि सवय गेलेली असते.

आपण २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन पाळतो. त्या दिवशी मुलांना मैदानात ओळीनं बसवतात, हातात पुस्तकं देतात, फोटो काढून वर पाठवतात. वाईट काही नाही त्यात. पण पुस्तक कुणी निवडलं? गुरुजींनी, कपाटात जे हाताशी आलं ते. आणि १६ ऑक्टोबरला त्या कपाटाला कुलूप असतं, कारण एखादं पुस्तक हरवलं तर भरपाई गुरुजींच्या पगारातून होईल अशी धास्ती. त्यांचाही दोष नाही. हरवलेली पुस्तकं खर्ची टाकायची सोय केली पाहिजे, ते काम प्रशासनाचं आहे.

हे झालं शाळेचं. आपल्या हातात वाचनालय आहे, म्हणून शेवटी तेवढंच बोलतो. आपल्या बालविभागाचं सभासदत्व चौदाव्या वर्षी संपतं. पुढे मूल थेट मोठ्यांच्या विभागात, जिथे आपण सगळे बसून वर्तमानपत्रं वाचतो. त्या वयाच्या मुलीनं तिथे यायचं कशाला? कार्यवाहांना माझी विनंती अशी की पुस्तकनिवड समितीत अकरावीतली दोन मुलं घ्या, नावापुरती नाही, खरेदीच्या रकमेतला ठरावीक हिस्सा त्यांच्या हाती देऊन. ती मांगा मागतील, भुताच्या गोष्टी मागतील, फोनवर गाजलेल्या प्रेमकथांची पुस्तकं मागतील, इंग्रजीही मागतील. समितीतल्या ज्येष्ठांना घाम फुटेल. एक वर्ष आणून बघा, आणि वर्षअखेरीस देवघेवीचं रजिस्टर सभेपुढे ठेवा. वाद घालायचा तो मग घालू.